दहा वाक्यं, शाळा सोडून

१९ मे, सोमवार. पहाटे ५:०५

गेल्या वर्षीच्या टाचणवहीत बरीच पानं कोरी राहिली होती. वाया का घालवायची, म्हणून रोजनिशी सुरू. ही वही फक्त माझ्यासाठी. कोणी वाचू नये. सौ. वाचणार नाही, तिला माझं अक्षर लागत नाही.

उद्दिष्ट: ३० जूनला शाळा उघडण्याआधी 'फिट' असल्याचं सर्टिफिकेट मिळवणे.
अपेक्षित कालावधी: एक तासिका.

प्रकरण किरकोळ आहे. नोंद असावी म्हणून लिहितो. ३ एप्रिल, चौथा तास, ९ क, गणित. फळ्यावर तारीख लिहिली. त्यानंतर काही वेळ काही लिहिलं नाही. हा काही वेळ पस्तीस मिनिटांचा होता असं लोक म्हणतात. खडू हातातच होता, म्हणजे काम सुरूच होतं. गोलाच्या पृष्ठफळाचा विचार करत होतो बहुतेक. वर्गात एकसष्ट पोरं, पण कोणी चकार शब्द काढला नाही. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत इतका शांत वर्ग दुसऱ्या कोणी ठेवला असेल तर दाखवावा. पण कौतुक राहिलं बाजूला. मुख्याध्यापिका मॅडम आल्या, माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि पाणी प्यायला दिलं. म्हणाल्या, सर, सुट्टीत कोणाला तरी दाखवून घ्या. समुपदेशकाचं सर्टिफिकेट आणा, म्हणजे १० क तुमच्याकडेच. नाहीतर रितिका मॅडमकडे द्यावी लागेल.

रितिका मॅडमच्या नोकरीला चार वर्षं झाली आहेत. फळा पुसताना तिचा अर्धा फळा पुसायचा राहतो. अशा हातात १० क? पोरं वाऱ्यावर जातील. सर्टिफिकेट आणतोच.

२२ मे, गुरुवार. संध्याकाळी ७

शहरात सदर भागात गेलो. समुपदेशन केंद्र दुसऱ्या माळ्यावर, एसी चांगला. रिसेप्शनची मुलगी मारोती लांजेवार, मारोती लांजेवार म्हणून ओरडत होती. तीन वेळा ओरडली. कोणी उठेना. मी शेजारच्या माणसाला म्हणालोसुद्धा, काय बेजबाबदार लोक असतात, डॉक्टरचा वेळ वाया. चौथ्यांदा ओरडली तेव्हा लक्षात आलं की ते माझंच नाव आहे.

यात काही विशेष नाही. शाळेत सर, गल्लीत सर, दूधवाल्यासाठी सर. सासरेही सरच म्हणायचे. सौ. नाव घेत नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही, आणि मीही तिचं घेत नाही. लग्नात एकदा घेतलं होतं तिने, उखाण्यात, तेव्हा बँडवाले जोरात होते. नाव वापरात नसलं की गंजतं, इतकंच.

आत गेलो तर समुपदेशक म्हणजे धम्मदीप! २००८ ची बॅच, शेवटचा बाक, नववीला गणितात पस्तीस. उठून पाया पडला. मग मी जरा आरामात बसलो. त्याची खुर्ची भिंतीला टेकली होती, सरळ करायला सांगितली. त्याने केली.

झोप कशी आहे विचारलं. उत्तम, म्हणालो. अकरा ते दोन झोपतो, दोन ते पाच नियोजन करतो. त्याने लिहून घेतलं. शाळा सोडून काय करता सर, म्हणाला. मी म्हणालो, शाळा का सोडू? तो म्हणाला, तसं नाही जी सर, शाळेव्यतिरिक्त. मी थोडा विचार केला आणि सांगितलं, पेपर तपासतो.

त्याने एक कागद दिला. दहा ओळी, प्रत्येकीची सुरुवात 'मी' ने. अट एकच: शाळा, शिकवणं, विद्यार्थी, गणित यातलं काहीही त्यात यायला नको. पुढच्या वेळी भरून आणा, म्हणाला.

म्हणजे धम्मदीपने मला गृहपाठ दिला. काळ बदलला आहे.

२३ मे, शुक्रवार. पहाटे ५:१०

चहा होईपर्यंत कागद उरकतो.

१. मी शिक्षक आहे. (अटीबाहेर. खोडलं.)
२. मी शिस्तप्रिय आहे. (कोणासाठी? पोरांसाठी. खोडलं.)
३. मी पहाटे पाचला उठतो. (शाळा सातला असते म्हणून. प्रामाणिकपणे खोडलं.)
४. मी ५३ वर्षांचा आहे. (म्हणजे रिटायर व्हायला पाच वर्षं. परत शाळाच. खोडलं.)
५. मी

५:५०. चहा दोनदा झाला. प्रश्नपत्रिकाच चुकीची काढली आहे. एकोणतीस वर्षं पेपर सेट केले, मला कळतं. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

करिष्माला तसं सांगितलं. आमची मुलगी, बुटीबोरीला कंपनीत आहे, साडेसहाच्या बसची घाई असते. बुटात पाय घालता घालता म्हणाली, बाबा, नाचता येईना अंगण वाकडं. ही मुलगी माझ्या हाताखाली दहावीला गणितात ९४ घेऊन गेली. हे त्याचं फळ.

२५ मे, रविवार

तज्ज्ञांची मदत घेतली. सौ. ला विचारलं, मी कसा माणूस आहे? ती पोळ्या करत होती. म्हणाली, तुम्ही सर आहे जी, अजून काय? मी म्हणालो, ते सोडून. ती तीन पोळ्या होईपर्यंत विचार करत राहिली. शेवटी म्हणाली, कूलरमध्ये पाणी भरता.

लगेच लिहिलं: मी कूलरमध्ये पाणी भरतो. एक वाक्य झालं! उरली नऊ. या वेगाने आठवड्यात काम फत्ते.

रात्री करिष्मा म्हणाली, बाबा, पाणी मी भरून राहिली दोन वर्षांपासून. तुम्ही पाईप कुठे धरायचा ते सांगता.

खोडलं.

२८ मे, बुधवार. तापमान ४५

मार्ग सापडला. वाक्यं नाहीत कारण तसं आयुष्य नाही. आयुष्य आधी बनवू, वाक्यं आपोआप येतील. नवीन व्यक्तिमत्त्व उद्यापासून.

पहिला तास: फिरणे व हास्य क्लब. दुसरा तास: स्वयंपाक. तिसरा तास: संगीत. मधली सुट्टी. चौथा तास: मित्रांशी गप्पा. पाचवा तास: ऐच्छिक. प्रत्येक तास पस्तीस मिनिटांचा.

तक्ता स्वयंपाकघरात चिकटवला. करिष्मा बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, बाबा, ही तर शाळा आहे. मी म्हणालो, योगायोग.

३० मे, शुक्रवार

हास्य क्लब. दिघोरीच्या बागेत सकाळी सहाला भरतो. दत्तोपंत चालवतात, बँकेतून रिटायर झालेले, शेजारच्याच लाइनमध्ये राहतात. चौदा माणसं. हसण्यात एकवाक्यता नाही. कोणी हा हा करतं, कोणी हो हो. एक गृहस्थ सगळ्यांचं संपल्यावर सुरू करतात. दोन बायका मागे उभं राहून वेगळ्याच गोष्टीवर हसत होत्या. मी काही बोललो नाही. पहिलाच दिवस होता.

१ जून, रविवार

बोललो. उंचीप्रमाणे दोन रांगा केल्या. आता आवाज समोर नीट जातो. हजेरी सुरू केली. उशिरा हसणाऱ्या गृहस्थांना पाच मिनिटं बाकाजवळ उभं केलं, ते सत्तर वर्षांचे आहेत, त्यामुळे झाडाच्या सावलीत उभं केलं. माणुसकी सोडलेली नाही.

सगळे एका सुरात हसले. माझ्या अंगावर काटा आला. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं.

३ जून, मंगळवार

क्लबमध्ये हजर: सहा.

दत्तोपंत संध्याकाळी घरी आले. चहा घेतला, बिस्किट घेतलं, कूलर चांगला आहे म्हणाले. मग म्हणाले, सर, राग मानू नका, पण लोक हसायला घाबरून राहिले हो. काल बागेत एक बाई घरून चिठ्ठी घेऊन आली, तब्येत बरी नाही म्हणून सुट्टी हवी. तुम्ही काही दिवस दुसऱ्या बागेत जाऊन बघा.

दत्तोपंतांना मी दहापैकी चार देणार होतो. आता तीन.

निष्कर्ष: हास्य क्लब हे माझं क्षेत्र नाही. मी मुळात गंभीर प्रकृतीचा आहे. (हे वाक्य चालेल? गंभीर कशामुळे? असो. खोडलं.)

४ जून, बुधवार

स्वयंपाक. वरण केलं. सौ. ने चव घेतली, बरं आहे म्हणाली. मी विचारलं, बरं म्हणजे कितीपैकी किती? ती म्हणाली, वरण आहे जी, वरणाले कोणी मार्क देते का? मी म्हणालो, मग सुधारणा कशी होणार? तिने उरलेलं वरण निमूटपणे संपवलं आणि तक्त्यातला दुसरा तास पेनाने खोडला.

संगीत: पेटी मिळाली नाही.

५ जून, गुरुवार

सदर, दुसरी भेट. यावेळी नाव पहिल्या हाकेला ओळखलं. प्रगती आहे.

धम्मदीपने कागद मागितला. मी म्हणालो, लिहून झाला आहे, वही घरी राहिली.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा मला स्वतःलाच ऐकू आलं. एकोणतीस वर्षांत हजारो वेळा ऐकलंय, एकदाही विश्वास ठेवला नाही. धम्मदीपने ठेवला, निदान तसं दाखवलं. म्हणाला, काही हरकत नाही सर, १९ तारखेला आणा. तेव्हाच सर्टिफिकेटचंही पाहू. आणि सर, एखाद्याशी नुसतं बोलून पाहा. कामाशिवाय.

बाहेर एक सिंधूताई भेटल्या. कुहीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. त्यांनाही तोच कागद मिळाला होता. मला म्हणाल्या, भाऊ, मी तं बसमध्येच लिहून टाकला. दहाच्या दहा! आणि पर्समधून काढून दाखवायला लागल्या. मी बघितलं नाही. परीक्षेची शिस्त असते.

१० जून, मंगळवार

चौथा तास: मित्रांशी गप्पा. मोबाइल काढला. ४१२ नंबर आहेत. लोकसंग्रह मोठा.

इंग्रजी अक्षरक्रमाने गेलो. आकाश पालक ८ ब. आरती पालक. बंटी झेरॉक्स. बोर्ड ऑफिस. चॉक सप्लायर. असं करत धोंडबापर्यंत आलो. धोंडबा माझा कॉलेजचा पार्टनर, होस्टेलला एका खोलीत तीन वर्षं होतो. लावला.

तो म्हणाला, बोला सर, कोणाची अ‍ॅडमिशन?

मी म्हणालो, अ‍ॅडमिशन नाही रे, असाच फोन केला. तिकडच्या टीव्हीचा आवाज बंद झाला. मग तो हळूच म्हणाला, मारोत्या, तब्येत बरी आहे नं तुई? घरी सगळे ठीक आहे नं? मी म्हणालो, सगळं उत्तम, तास संपला, ठेवतो.

एकोणीस मिनिटं शिल्लक होती. त्या वेळात भिंतीकडे बघितलं. भिंतीला रंग द्यायला झाला आहे.

१५ जून, रविवार

चार दिवस कागद हातात धरून बसतोय. काल दुपारी बसलो ते सौ. ने दिवा लावला तेव्हा कळलं की संध्याकाळ झाली. ती म्हणाली, काय लिहून राहिले एवढं? तिने पाहिलं तर पान कोरं. पंखा थोडा वाढवला. मी तिला सांगितलं, गोलाच्या पृष्ठफळाचा विचार करत होतो.

एवढं एकाग्र होता येणं हाही एक गुण आहे.

१९ जून, गुरुवार. संध्याकाळी ६

आज घडलं ते व्यवस्थित लिहितो, म्हणजे गैरसमज नको.

अकराची वेळ होती. मी दहालाच पोहोचलो. सिंधूताई आधीच बसलेल्या. त्यांना फोन आला, पर्स आणि कागद खुर्चीवर ठेवून त्या जिन्याकडे गेल्या. कागद उघडाच होता. मी संदर्भसाहित्य म्हणून पाहिला. संदर्भ पाहणं आणि कॉपी करणं यात फरक आहे, हा फरक मी पोरांना नेहमी समजावतो. मग वेळ कमी असल्यामुळे संदर्भ जसाच्या तसा उतरवला.

आत गेलो. ऐटीत कागद दिला. दहापैकी दहा ओळी, अक्षर सुवाच्य, समास सोडलेला.

धम्मदीप वाचत गेला. सातव्या ओळीला थांबला. मग मान वर न करता मला वाचून दाखवली: मी दोन नातींची आजी आहे.

मी म्हणालो, घाई झाली.

तो हसेल असं वाटलं. हसला असता तर बरं झालं असतं, मी रागावलो असतो. तो उठला, दार लावून घेतलं, कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, सर, मी इथेच बसतो. अर्धा तास आहे. दहा नाही लिहिले तरी चालते. पण तुमचे लिहा.

त्याने मान खाली घातली, म्हणजे मला बघितल्यासारखं वाटू नये. पर्यवेक्षण चांगलं करतो. एसीचा आवाज येत होता. मी 'मी' लिहिलं. बराच वेळ तेवढंच होतं. मग हात आपोआप चालला.

मी थकलो आहे.

काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं. वेळ संपत आली होती. त्याला फार अर्थ नाही.

धम्मदीपने ते एक वाक्य एवढा वेळ वाचलं की मला वाटलं त्यात काही चुकलंय. मग म्हणाला, सर, सर्टिफिकेट आता नाही देऊ शकत. अजून एक महिना सुट्टी लागेल, मी शाळेले पत्र देतो, आणि झोपेसाठी डॉक्टरांकडे पाठवतो. मी भांडलो. म्हणालो, १० क चं काय? शाळा उघडते, बोर्डाचं वर्ष, तुला कळतं का? वीस मिनिटं बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, सर, मले नववीत पस्तीसवर तुम्ही पास केलं होतं. दोन मार्क तुमचेच होते, मले माहीत आहे. पण हे तसं नाही करता येत.

दोन नव्हते. तीन होते.

बाहेर येताना सिंधूताई भेटल्या. म्हणाल्या, भाऊ, जमलं का? मी म्हणालो, पेपर सोपा गेला.

२१ जून, शनिवार

निर्णय सदोष आहे. एका वाक्यावर निकाल लावतात का? फेरतपासणीची सोय नाही.

डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी घेतली नाही. मला गोळीची गरज नाही.

मुख्याध्यापिका मॅडमचा फोन. म्हणाल्या, सर, पत्र मिळालं, अजिबात काळजी करू नका, रितिका मॅडमने १० क घेतली आहे. काळजी करू नका हे त्या तीनदा म्हणाल्या, यावरून त्यांची काळजी कळते. रितिका मॅडमचा मात्र फोन नाही. एकही शंका विचारली नाही. बिचारीला संकोच वाटत असेल. मी स्वतःहून मेसेज टाकला, काही अडलं तर विचारा. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. म्हणजे नक्कीच अडलं आहे.

२८ जून, शनिवार

ठरलं. कागदपत्रं गेली खड्ड्यात. ३० ला शाळेत जाणार. सकाळची शाळा, सातची घंटा. ६:४० ला गेटवर उभा राहीन. आत जाणार नाही, नियम मोडणार नाही, नुसता उभा राहीन. पोरं दिसली की घोळका होईल. आरडाओरडा होईल. मॅडम बाहेर येतील. मग त्यांनाच कळेल की सर्टिफिकेट कशाला म्हणतात.

घरी सांगितलेलं नाही. घरच्यांना ताण नको.

२९ जून, रविवार. रात्री ९:३०

तयारी पूर्ण. आकाशी शर्टाला स्वतः इस्त्री केली. बूट पॉलिश. खिशाला लाल आणि निळा, दोन पेन. दोन अलार्म, ५:०० आणि ५:१५. पोरं टाळ्या वाजवतील, त्यांना पहिल्या मिनिटातच थांबवायचं, नाहीतर दिवसभर शिस्त राहत नाही. मग दोन वाक्यं बोलायची. पाठ केली आहेत.

पहाटे ताजातवाना असावं म्हणून, फक्त आजच्यापुरती, ती गोळी घेतली.

३० जून, सोमवार. दुपारी १२:४०

आत्ता उठलो.

शाळा पावणेबाराला सुटली.

सौ. ला विचारलं, अलार्म वाजले नाहीत का? म्हणाली, दोन्ही वाजले. पहिला तुम्हीच बंद केला, दुसरा मी. मी म्हणालो, काहून बंद केला? उठवायचं नाही का? शर्टाला इस्त्री दिसली नाही का? ती म्हणाली, दिसली जी. कालच दिसली. उठवायलेच आली होती. पण तुम्ही असे झोपले होते, का मले भेव वाटलं. नाकाजवळ हात धरून पाहिला. श्वास चालू होता. मग तिथेच बसली मी. किती वर्षांत तुम्हाले असं झोपलेलं पाहिलंच नाही.

स्वयंपाक उरकून ती परत तिथेच येऊन बसली होती. पलंगाजवळ तांदळाचं ताट होतं, निवडलेलं.

मोबाइल पाहिला. एकही मिस्ड कॉल नाही. शाळेच्या ग्रुपवर पहिल्या दिवसाचे फोटो आहेत. १० क चा एक आहे, पटांगणावर. मी मोठा करून पाहिला. सगळी पोरं आली आहेत. रांग सरळ आहे. मागे रितिका मॅडम उभी आहे आणि पोरं हसत आहेत.

कोणी माझं विचारलं का, असं लिहून मेसेज तयार केला. पाठवला नाही.

रडू आलं. सौ. समोर बसली होती, तरी थांबवता आलं नाही. तिने ताट बाजूला सरकवलं आणि पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, भाजी गरम करू का?

जेवलो. दोन पोळ्या जास्त. आता परत झोपतो.